भैय्याजींचा ब्लॅक अँड व्हाइट वाढदिवस

३ नोव्हेंबर, पहाट (साडेनऊ)
आजपासून शिस्त. पहाटे उठणं, थंड पाणी, रोज एक पोस्टर. भिंतीवर कागद लावला: ‘मोटिव्हेशन आतून येते.’ पंख्यानं पडला. उद्या चिकटपट्टी आणतो.

ग्राफिक डिझाइनची डिग्री घेऊन दीड वर्ष झालं. नागपूरच्या एजन्सीला पोर्टफोलिओ पाठवला आहे. उत्तर नाही. विचार करून राहिले असतील.

बाबा म्हणे, संक्रांतीपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर बोरगावच्या कंपनीत रवींद्रकाकाच्या हाताखाली, स्टोअरमध्ये. मी हसलो. बाबा नाही हसले.

५ नोव्हेंबर
पहिला क्लायंट! मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, अख्ख्या सौंसरच्या भैय्याजींचा, बारा तारखेला पंचाहत्तरावा वाढदिवस. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागणार. घरचे पांढुर्ण्याच्या फ्लेक्सवाल्या उत्तमकडून तयार डिझाइन आणून राहिले होते. मोठेबाबाच अडून बसले. म्हणे, घरात आर्टिस्ट असून बाहेरून कायले आणता? माझा पोट्टाच करन.

या घरात माझ्या बाजूनं तेवढा एकच माणूस आहे. अट एकच घातली: केशरी फेटा दिसला पाहिजे.

७ नोव्हेंबर
आपल्याकडचे फ्लेक्स म्हणजे रंगपंचमी. पन्नास चेहरे, मध्ये केक, वरून गुलाब. मी मिनिमल जाऊन राहिलो. भरपूर पांढरी जागा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे सुरकुत्या बोलतात. फेटा आहे, रंग मनात समजून घ्यायचा. खाली बारीक अक्षरात: भैय्याजी. १९५० – २०२५. एक प्रवास. कोपऱ्यात एक पांढरं फूल.

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ मुद्दाम नाही टाकलं. जग समजदार आहे. पाहून मलाच भरून आलं.

१० नोव्हेंबर
उत्तमकडे प्रिंटला गेलो. त्यानं स्क्रीनकडे पाहून हात जोडले. रांगेतली सगळी कामं बाजूला सारली. म्हणे, अशा कामाला थांबवत नसतात. गुंडाळी स्वतः बसपर्यंत आणून दिली, खांद्यावर हात ठेवला. याला म्हणतात इमोशनल कनेक्ट.

१२ नोव्हेंबर
सहाला फ्लेक्स लावला. सातपर्यंत समोरच्या दुकानांची शटरं अर्धी खाली. नत्थूजीनं चहाची शेगडी विझवली, टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, मान देऊन राहिले.

घरी मोठेबाबा केशरी फेटा बांधून केकसमोर बसलेले. तेवढ्यात बोरगावहून जयवंता आत्या, त्यांची सख्खी बहीण, ऑटोतून उतरली ती छाती पिटतच. अंगणात लोळण घेतली. मोठेबाबांनी विचारलं, काऊन व जयवंता, कोण गेलं? आत्याचं रडणं तिथंच थांबलं. मागून पांढऱ्या कपड्यातली माणसं येतच होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मोठेबाबाच हसले. म्हणे, मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते, पोट्ट्यानं मले दहा वर्षं देल्ली. म्हणजे क्लायंट हॅपी.

केक मात्र त्यांनी नाही खाल्ला. म्हणे, फ्लेक्स उतरवून आणा, मले पाह्याचा आहे.

१५ नोव्हेंबर
फ्लेक्स त्यांच्या खोलीत, पलंगासमोर. दिवसभर पाहून राहिले. माझा पहिला कलेक्टर! त्यांची मुलगी स्मिताताई म्हणे, जेवत नाहीत, तो फ्लेक्स जाळून टाक. आई म्हणे, जित्या माणसाचा असा फोटो लावत असते का रे? मी सांगितलं, कलेचा असर उतरायला वेळ लागतो.

१९ नोव्हेंबर
मोठेबाबांनी बोलावलं. विचारलं, दुसरा आकडा कायले लिहिला? मी म्हटलं, पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून. ते म्हणे, हो, पूर्ण झाली. मग भिंतीकडे तोंड केलं.

संत्र्याची तोड सुरू आहे आणि ते बगीच्यात गेले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी शब्द दिला, उद्या रंगीत करून आणतो, केशरी फेट्यासकट. ते म्हणे, आण बाप्पा.

२४ नोव्हेंबर
रंगीत व्हर्जनचा मूडबोर्ड सुरू. कोणता केशरी, हा खरा प्रश्न आहे. संत्र्याचा की झेंडूचा? घाईत रंग मरतो. आई जामसांवलीच्या मारुतीला नारळ बोलून आली. म्हणे, जो भरायचा तो रंग भर, पण आज भर.

मी घाबरलो नाही. फक्त अलार्म न लावता पहाटे जाग येऊन राहिली. शिस्त लागली.

२९ नोव्हेंबर
मोठेबाबा गेले. झोपेतच.

बाबा म्हणे, पिकलं पान होतं, तुझा दोष नाही. पण माझ्याकडे न पाहता म्हणे.

स्मिताताईनं सांगितलं, नवीन करायला वेळ नाही, तोच लाव. मी रंगीत फाईल दाखवली. फेटा अर्धाच भरून झाला होता. ती म्हणे, राहू दे, आता तोच बरोबर आहे.

बसस्टँडसमोर, त्याच बांबूंना. नत्थूजीनं परत शेगडी विझवली. सगळे म्हणे, फार सुंदर केला. एकही करेक्शन नाही.

३० नोव्हेंबर
रडू येऊन राहिलं. अर्धा फेटा पूर्ण केला. संत्र्याचाच केशरी. कोणाला दाखवायचा आता?

बाबांनी स्टोअरचा विषय नाही काढला. मीच विचारलं, तेरवी झाली की बोरगावची सकाळची बस कितीची आहे.