ताईला खरं उत्तर

ती. ताईस,

धाकट्याचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

परवा तू फोनवर विचारलंस, "यकृताच्या कॅन्सरमधून किती वाचतात रे? रुग्णालयाच्या नोंदी तूच ठेवतोस ना?" मी म्हणालो, "सगळे बरे होतात गं." तू हसलीस. "खोटं बोलताना तू घसा खाकरतोस, लहानपणापासून." तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही. जुन्या नोंदींचं कपाट तीनदा उघडलं.

आता खरं लिहितो. दरवर्षी जुन्या रुग्णांच्या घरी फोन करायचा आणि माणूस आहे की नाही ते टिपायचं, हे माझं काम. वीस वर्षांपूर्वीच्या नोंदींत पाच वर्षांनी हयात असलेले विरळच. अलीकडे ते वाढलेत, तरी गेलेलेच जास्त. जे आहेत, त्यांतल्या बहुतेकांची गाठ लहान असतानाच काढली होती. एक म्हातारे शिंपी गेली नऊ वर्षं दर फोनला ओरडतात, "आहे रे बाबा, नाव खोडू नकोस!"

तुझी गाठ अजून लहान आहे, आणि शस्त्रक्रियेच्या दोन तारखा तू टाळल्यास. ती किती दिवस लहान राहील, हे कुठल्याच वहीत नाही. मी रोज देवापुढे बसतो, पण तारीख काही देव घेणार नाही, आपल्यालाच घ्यावी लागेल.

सोमवारी सकाळी तुला रुग्णालयात न्यायला पोचतो. हवं तेवढं रागाव, पण पिशवी भरून ठेव.

तुझा,
धाकटा