भात उपटला, गवत राखलं

खासबाग, बेळगाव
श्रावणातला सोमवार (तारीख बघायचं भान राहिलेलं नाही)

तीर्थरूप जयाक्का,

इथूनच तुझ्या पायांना हात लावतो. तुझी कंबर, वखारीतल्या तंबाखूनं धरलेला भाऊजींचा खोकला आणि सासूबाईंचं बीपी, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. (बीपी ताळ्यावर नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.) फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस आणि ऐन रडायच्या जागी सासूबाई "कुणाचं लगीन म्हणं?" असं मध्येच विचारतात. माझं इकडं सगळं संपलेलं आहे. तेजस्वीचं नाव मी या जन्मात काढणार नाही, म्हणून आज एकदा सविस्तर काढून घेतो.

तेजस्वी म्हणजे बेळगुंदीच्या यल्लाप्पाकाकांची थोरली. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडून खडेबाजारातल्या मोबाईलच्या दुकानात बसलो, ती मात्र शिकत शिकत एम.एस्सी.ला पोचली. संध्याकाळी तिची बस रोज उशिरा येते (देव त्या बसचं भलं करो) आणि तेवढ्यात स्टॉपवर ती मला तिचा अभ्यास बोलून दाखवते. सध्या उत्क्रांती चालू आहे. आक्का, या विषयात एवढे धक्के आहेत की तो आजारी माणसाला शिकवू नये. पूर्वी म्हणे लोक धरून चालायचे की प्रत्येक प्राणी देवानं गणपतीसारखा साच्यातून काढलाय आणि तो कायम तसाच राहणार. मग एक फ्रेंच पंडित म्हणाला, छे, जिराफानं मान ताणली म्हणून ती लांबली आणि लांबलेली मान पोरांना मिळाली. हे मला एकदम पटलं. आप्पांनी जन्मभर पोती उचलली म्हणूनच माझे खांदे असे आहेत, असं मी तिला (बाही जरा वर सारून) सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या आप्पांचे कान टोचलेत, आज्ज्याचे टोचलेत, पणज्याचेबी टोचलेत. मग तू भोकं घेऊनच जन्मलास व्हय रं?" सगळा स्टॉप हसला. मी बाही खाली केली.

त्यानंतर आला एक दाढीवाला इंग्रज साहेब. त्याला खरं काय ते सुचलं, पण तो वर्षानुवर्षं कुणाला सांगेना. तेवढ्यात लांबच्या कुठल्यातरी बेटावर तापानं फणफणलेल्या दुसऱ्या एका साहेबाला तंतोतंत तेच सुचलं, आणि त्यानं ते लिहून कुणाला पाठवावं? तर ह्या दाढीवाल्यालाच! मी असतो तर पहिल्या बोटीनं जाऊन कॉलर धरली असती. यांनी काय केलं? दोघांचं लिखाण एकाच सभेत वाचलं गेलं आणि पुढं दोघे एकमेकांना मान देत राहिले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता मुख्य गोष्ट, निसर्गाची निवड, सुरू झाली आणि नेमकी बस आली. (या वेळी त्या बसचं वाटोळं होवो.) माझ्या हाती एवढंच लागलं, की जन्माला पुष्कळ येतात, सगळे टिकत नाहीत आणि टिकतात त्यांची पिल्लावळ वाढते. उरलेलं मी माझं जुळवलं: जोरदार तो राहतो, मरतुकडा जातो.

आणि त्याच आठवड्यात कळलं, की बेंगळूरच्या कंपनीतला कोणी नागेंद्र तिला बघून गेला. गाडी, फ्लॅट, चष्मा, सगळं आहे म्हणे. माझं डोकं फिरलं. पण मारामारी करायची नाही, आपला जोर दाखवायचा, असं ठरवलं. यल्लाप्पाकाकांना भाताच्या भांगलणीला, तण काढायला माणसं मिळेनात हे ऐकलं होतंच. रविवारी सकाळी खुरपं घेऊन मी थेट त्यांच्या बांधावर. काका म्हणाले, "तुला येतंय काय रं?" मी म्हणालो, "काका, मी शेतकऱ्याचा पोरगा हाय." (आपली जमीन आप्पांनी वाट्यानं लावून खासबागेत बिऱ्हाड केलं तेव्हा मी पाळण्यात होतो, हे सांगायची ती वेळ नव्हती.)

बायका एका अंगाला लागल्या, मला वेगळा वाफा दिला. वाकून बघतो तर सगळं हिरवं सारखंच. म्हटलं, भ्यायचं नाही, शास्त्र आपल्याकडं आहे. पिवळट, बारकी, मान टाकलेली रोपं दिसली ती उपटली. काळीभोर, तरतरीत, ताठ होती ती राखली. जेवणवेळेपर्यंत वाफा असा लख्ख केला, की फोटो काढून तेजस्वीला पाठवला. ती घरातनं पळतच आली. मला वाटलं, प्रेमानं.

काका बांधावर आले, बघितलं, आणि मटकन खाली बसले. मी उपटून ढीग लावला होता तो भाताचा. वाफ्यात जे ताठ उभं होतं ते भातासारखं दिसणारं तण! बायकांचं तर विचारू नकोस. एकजण म्हणाली, "जावई गवताचा भात खातोय वाटतं गं." दुसरी म्हणाली, "जावई कसला, म्हस हाय म्हस." काका एवढंच म्हणाले, "पोरा, दुसऱ्याच्या रानात असला जोर दावू नको." ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. ते ओरडलेच नाहीत.

तेजस्वीनं मग एक भात आणि एक तण माझ्यासमोर धरलं. भाताच्या पानाच्या बुडाशी पातळ पांढरी जीभ असते, तणाला नसते, फरक तेवढाच. मी भडकलो. गवतानं असं सोंग घ्यायचं म्हणजे काय? म्हणाली, "गवताला काय कळतंय? आमच्या आज्ज्या-पणज्या वेगळं दिसलं ते उपटत आल्या. भातासारखं दिसलं ते हातातनं सुटलं. त्याचंच बी पडलं, पुढच्या साली तसलंच जास्त उगवलं. असं किती पिढ्या चाललंय." आक्का, मी चिखलात गुडघाभर उभा राहून गार पडलो. म्हणजे ज्या बायका तण काढत आल्या, त्यांनीच नकळत त्याला भातासारखं केलं! कुणी ठरवलं नाही, कुणी शिकवलं नाही. मी विचारलं, मग जोरदार टिकतो त्याचं काय? "जोरदार न्हाय रं. त्या जागेला जे जुळलं ते टिकतं."

आता राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणालो, "मग मीबी जुळवून घेईन. तुझ्यासाठी उत्क्रांत होईन." ती म्हणाली, "एकटा माणूस उत्क्रांत होत न्हाय सौरव. त्याला पिढ्या लागतात. एकटा माणूस नुसता सुधारतो, न्हायतर तसाच ऱ्हातो." आणि ढीग उचलून गोठ्याकडं गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तेव्हा विषय संपला. पोरांना माझा पापा, भाऊजींना नमस्कार.

तुझा,
कुठंच न जुळलेला भाऊ,
सौरव

ता.क. विषय संपला असला तरी एक काम आहे. कॉलेजात परत नाव घालायचं म्हटलं तर प्रिन्सिपॉल घरचं मोठं माणूस घेऊन ये म्हणतात. कॉलेज सोडल्यापासून आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. गुरुवारी पहिल्या गाडीनं ये. येताना रागीट चेहरा करून ये, पण माझ्याच बाजूनं बोल.

ता.ता.क. शास्त्रात चूक नको म्हणून मधलं पान तेजस्वीला तपासायला देतो आहे. बाकीची घडी घालून टाचणी लावली आहे.

आक्का, नमस्कार. मी तेजस्वी. टाचणी काढली. शास्त्र बरोबर आहे, फक्त मी मागं वळून बघितलं होतं, हाच तेव्हा खाली बघत होता. नागेंद्रला मी तो बघून गेला त्याच दिवशी नको म्हणून सांगितलंय. याला एवढ्यात कळू देऊ नका, आधी कॉलेजात नाव घालू दे. गुरुवारी काम झालं की बेळगुंदीला जेवायलाच या, बाबा म्हणालेत.