दुपारची उलटी फेरी

३ मार्च
बेंडिगो गाव सुटलं एकदाचं. मेलबर्नला आईकडे परतले आणि आजपासून भुयारी रेल्वेच्या गोल कड्यातल्या सगळ्यात खोल स्थानकावर कामाला लागले. आई माझी टोपी घालून आरशापुढे मिरवली. उपनगरांतल्या गाड्या या कड्यात शिरतात, चक्कर मारून परततात. सकाळी एका दिशेनं, दुपारनंतर उलट. दिशा बदलताना बोगदा थोडा वेळ रिकामा असतो. तेव्हा फलाटावर कुणालाही थांबू द्यायचं नाही, असं कार्मेलनी बजावलं. हे माझे वरिष्ठ, मूळचे माल्टाचे, महा चेष्टेखोर. का, विचारलं तर म्हणे, "पोरी, बोगद्याची जेवायची वेळ असते ती."

१० मार्च
त्या रिकाम्या वेळात आज गाडी आली. दिवे लावलेली, भरलेली. दारं उघडली, कुणी उतरलं नाही. हिरव्या कोटातली एक बाई हसून कार्मेलना बोलावत होती. त्यांनी मान फिरवली. ती त्यांची बायको. बऱ्याच वर्षांपूर्वी घाईत त्या गाडीत चढली. ते बदली का घेत नाहीत, ते आज कळलं. चढलेलं माणूस उतरत नाही, हाक आली तरी जायचं नाही, एवढंच ते म्हणाले. मला रडूच आलं.

१६ मार्च
आई उद्या स्थानकावर गरम बुरेक, तिची ती चीज भरलेली खुसखुशीत पापुद्र्यांची, घेऊन येणार म्हणते. परतताना ट्रामनं जा म्हटलं तर फणकारली, मला गाड्या शिकवतेस का, तू शाळेत होतीस तेव्हापासून फिरतेय मी यातून.

१७ मार्च
जेवून तिला वर ट्रामपाशी सोडलं. ट्रामला गर्दी, म्हणून ती माझ्या नकळत मागोमाग पुन्हा खाली आली. रिकामी वेळ झालेली, मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला लोकांना वर पाठवत होते. सकाळी याच फलाटावरून घरची गाडी सुटते. त्या गाडीची दारं उघडी दिसली, सवयीनं चढली. मी धावले. काचेआडून तिनं रिकामा डबा हलवून निरोप घेतला —

१८ मार्च
घरी फोन नुसता वाजतोय. वरचे साहेब म्हणतात, त्या वेळी गाडीच नव्हती.
कार्मेल म्हणाले, "उद्या तू वरच थांब, पोरी. तुझ्या आईला मी उतरवतो."

१९ मार्च
राहवेना. खाली आले. बाकावर कार्मेलची टोपी. ते नाहीत.
गाडी उभी आहे. हिरव्या कोटाशेजारी — कार्मेल. हसताहेत.
आई दारातच. डबा पुढे करतेय. निवतंय गं, म्हणते —
मी चढणार नाही. नुसता हात धरून तिला बाहेर —
धरला. इतका गार —
ती ओढत नाहीये. फलाटच मागे सरकतोय —