पाटीच्या खोक्यातलं घरटं

नायगाव, मंगळवार

प्रिय अभय,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तीन रविवार झाले, तू मुरबाडला जुन्या गाड्यांच्या म्युझियमला फिरकला नाहीस. गिरगावात येऊन तुझी बेल वाजवायची माझी छाती होत नाही, हे आधीच कबूल करतो. तू परत यायला हवंस, एवढंच मागणं.

बाकी ठीक. चाळ रिकामी केली, नवा पत्ता पाकिटामागे आहे. मुरबाडच्या त्या शेतात मात्र तुझ्यावाचून हाल आहेत बघ. घोरपड टांग्याखाली राहायला आलीय, हाकललं तरी ढिम्म हलत नाही. जुन्या एसटीच्या बॉनेटमध्ये धामण निघाली. मी पाना टाकून जो पळालो, सगळे पोट धरून हसले. ट्रॅक्टरला ग्रीस मी केलं. डबलडेकरला कोणी हात लावत नाही. असल्याच गाडीवर आपण अठरा वर्षं काढली, तू खाली स्टिअरिंगवर, मी तिकिटं फाडत. तिचा क्लच दुसऱ्या कुणाला ऐकायचा नाही.

पाडव्याचं माझ्या डोक्यातून जात नाही. डबलडेकरच्या कपाळावर, मार्गाच्या गुंडाळपाटीच्या खोक्यात दयाळाने घरटं केलं होतं, आत चार अंडी. पक्ष्यांची वही ठेवणाऱ्या ऋताने बजावलं होतं, पिल्लं उडेपर्यंत गाडी चालू करायची नाही. तू म्हणालास, पाडव्याला हार घालायचा नि सेल मारायचा नाही, हे कुठलं? दोनच मिनिटं. मी तेव्हा वरच्या मजल्यावर काचा पुसत होतो. तू इंजिन बंद केलंस, ऋता शिडीवर चढली आणि खाली आली ती पांढरीफटक होऊन. काका, तुम्हाला जीव कळत नाही का, असं वीस माणसांसमोर म्हणाली तुला. तू बॉनेटवरचा हार नीट केलास आणि चालता झालास.

आता ऐक. अंडी इंजिनाने फुटली नाहीत, मी फोडली. तू सेल मारलास, गाडी थरथरली आणि माझा हात आपसूक वरच्या मजल्यावरच्या पाटीच्या हँडलवर गेला. गाडी चालू झाली की पाटी फिरवायची, मेली अठरा वर्षांची खोड! दोन वेढ्यांनंतर आत कचकन आवाज झाला. तेव्हाच कळलं मला. पाटी गुपचूप उलटी फिरवून जागेवर आणली आणि खाली येऊन सगळ्यांबरोबर हळहळलो. तुला बोलणी बसत होती, मी मूग गिळून गप्प. शनिवारी घरी बायकोला, शेवंतीला सांगितलं, तर म्हणाली, तुमका लाज कशी नाय वाटली? वाटते रे, फार वाटते. परवाच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ऋता माझ्यावर चिडली, मग रडली. तुझी माफी मागायचीय म्हणते. दयाळाने आता एसटीच्या मागच्या दिव्याच्या भोकात घरटं केलंय, डबलडेकर मोकळी आहे. येत्या रविवारी ये. सेल तूच मार. मी खाली उभा राहीन, दोन्ही हात खिशात घालून.

तुझाच गुन्हेगार कंडक्टर,
कुशाबा