पासियोनच्या एकतीस कॅसेटी

मी, फ्लोरेन्सिया मागसिनो, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, पूर्वीचा धंदा रेडिओ-दुरुस्ती, राहणार तालाहिब गाव, लागुना प्रांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. माझ्या भावजयीला माझा एक चमचासुद्धा मिळू नये, अशी त्यात स्वतंत्र ओळ होती. ते मृत्युपत्र मी रद्द करते, आणि ती ओळ तर दोनदा रद्द करते.

कलम १. राहते घर व मागची जागा माझा मोठा भाऊ कै. वेनान्सियो याची मुलगी आरासेली, शिक्षिका, हिला द्यावी. तिने स्वयंपाकघर पाडून मोठे केले तरी माझी हरकत नाही. मला ते कधीच आवडले नाही. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. त्यातून तिने आधी चांगला संगणक घ्यावा, त्याचे कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम २. दुकानातली हत्यारे, म्हणजे तारांना डाख द्यायची दोन यंत्रे, बारीक पेचकस, कापूस, स्पिरिट आणि चालू स्थितीतले दोन कॅसेट प्लेयर, हीही आरासेलीची. प्लेयर कोणाला उसने देऊ नयेत. लग्नासाठी तर नाहीच नाही.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. माझ्याजवळ 'पासियोन' अशी चिठ्ठी लावलेल्या एकतीस कॅसेटी आहेत. या माझ्याजवळ आहेत हे लिहितानासुद्धा मला दोनदा उठून डबा उघडून बघावेसे वाटले, आणि मी बघितले.

मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी राजवटीच्या, काळात नारळबागांतले मजूर, खोबरे वाळवणाऱ्या बाया, बंदरातले हमाल आपापली कवने म्हणत, ती मी ध्वनिमुद्रित करत असे. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे कागदावर काहीच नाही. सगळ्यांत जास्त आवाज का इसिंगचा आहे. 'का' म्हणजे आमच्यात सोबती. नारळ उतरवण्यात आणि कवन जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मला तो आवडत असे. त्याला हे माहीत होते की नाही, ते आता कोण सांगणार?

कॅसेटी शिपायांच्या हाती लागू नयेत म्हणून आम्ही एक युक्ती केली होती. पवित्र आठवड्यात चॅपेलात प्रभूच्या यातनांच्या ओव्या अखंड गातात, ती पासियोन. प्रत्येक कॅसेटवर पहिली दहा मिनिटे माझ्या आईने गायलेली खरी पासियोन, आणि पुढे त्याच चालीत, न थांबता, आमची कवने. शिपाई दहा मिनिटे पासियोन ऐकत बसणार नाही, हा आमचा हिशोब. तो बरोबर निघाला.

१९८३च्या ऑगस्टमध्ये का इसिंगला घेऊन गेले. तो परत आला नाही. दुकान भावावर सोपवून मी डोंगरापलीकडे मावशीकडे लपले. दीड महिन्याने आले तर दुकान रिकामे. भावाच्या बायकोला, पुरिफिकासियोनला, म्हणजे माझ्या आते पुरिंगला ('आते' म्हणजे आमच्यात थोरली बहीण), मी दारातच विचारले, "माझ्या कॅसेटी जाळल्यास?" ती म्हणाली, "हो, पण..." मी पुढचे ऐकले नाही. तिच्या अंगणातून जी निघाले ती एकोणचाळीस वर्षे परत गेले नाही. मधे भाताचे एकच शेत. भावाच्या अंत्ययात्रेतही मी दुसऱ्या बाजूने चालले.

यंदा, महामारीमुळे दोन वर्षे बंद राहिल्यावर, चॅपेलात पुन्हा पासियोन बसली. गाणाऱ्या म्हाताऱ्यांचे घसे गुरुवारी दुपारपर्यंतच बसले. आल्याचा काढा पिऊनही आवाज निघेना. मग पुरिंगने घरून एक कॅसेट आणली आणि चॅपेलाच्या भोंग्यावर लावली, म्हणजे बायांना जेवायला उसंत मिळेल. मी घरी वाटाणे सोलत होते. शेतावरून माझ्या आईचा आवाज आला. आईला जाऊन तीस वर्षे झाली आहेत. मला वाटले, चला, आपली वेळ आली. आणि मग आईपाठोपाठ तो आला:

नारळ चढून मी काढी,
खोबरे मीच वाळवी,
तेलाने भरे धन्याची गाडी,
दिवा तो माडीत लावी,
काळोखात माझी झोपडी.

मी एका पायात चप्पल घालून धावले. चॅपेलात बाया भक्तिभावाने माना डोलवत होत्या.

"बंद करा! बंद करा आधी!"

"पासियोन बंद करायला सांगतेस?" पुरिंग म्हणाली. एकोणचाळीस वर्षांतले तिचे माझ्याशी पहिले वाक्य. "नरकात तरी घेतील का गं तुला?"

"यंत्र फीत खातंय, दिसत नाही? आणि हा इसिंग आहे!"

"कोण इसिंग?"

"नारळवाला इसिंग!"

ती दोन ओळी ऐकत राहिली. मग हातातला पंखा हलवत म्हणाली, "तरीच! मी म्हणतेय, प्रभूला शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या दरबारात नारळ कुठून आले!"

वीतभर फीत चुरगळली होती. पेन्सिलीने गुंडाळून मी ती सोडवली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग तिथेच, चॅपेलाच्या पायरीवर, तिने मला उरलेले सांगितले. भाऊ घाबरून म्हणाला होता, "फ्लोरच्या कॅसेटी जाळ." तिने विक्रीची सगळी नाचगाणी, सगळी प्रेमगीते चुलीत घातली. पासियोन मात्र तिने घातली नाही. "प्रभूच्या यातना मी चुलीत घालू? हात झडले असते माझे." तिने त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोरड्या तांदळात पुरून देव्हाऱ्याखाली ठेवल्या, आणि दर ईस्टरला तांदूळ बदलले. आमच्या हवेत कॅसेटीला दोन पावसाळ्यांत बुरशी येते. या एकतीसांतल्या एकोणतीस स्वच्छ निघाल्या. शिपायांना फसवायला लावलेल्या चिठ्ठ्यांनी आमची पुरिंगही फसली, म्हणून त्या वाचल्या. हे कळल्यापासून मला रोज झोप लागते.

सबब: मूळ कॅसेटी माझ्यामागे आते पुरिंगकडे तिच्या हयातीपर्यंत राहाव्यात व नंतर आरासेलीकडे. तांदूळ दर ईस्टरला बदलावेत. कॅसेटी वर्षातून एकदा शेवटपर्यंत पुढे-मागे फिरवाव्यात, नाहीतर फीत फितीला चिकटते. आरासेलीने सगळ्या संगणकावर उतरवून प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. जो मागेल त्याला फुकट द्याव्यात. मनिलाहून गाडीतून एक गृहस्थ आले होते, ते म्हणाले, "आम्ही आवाज स्वच्छ करून देऊ, कोंबडे, खोकला सगळं काढून टाकू." त्यांना प्रत द्यावी, मूळ देऊ नये. कोंबडा काढू नये. खोकला हमालांच्या पुढाऱ्याचा आहे, तोही काढू नये. आणि माझ्या आईची दहा मिनिटे कोणीही, कोणत्याही कारणाने कापू नयेत. पुढच्या सगळ्यांना तिनेच सांभाळले आहे.

कलम ४. १९८३ साली ज्याने शिपायांना माझे दुकान दाखवले, त्याचे नाव मला माहीत आहे. त्याचा मुलगा चांगला निघाला, माझे छप्पर त्यानेच शाकारले. म्हणून नाव लिहीत नाही. त्याला काही देतही नाही.

कलम ५. माझ्या मयताला लोकांनी पत्ते खेळावेत, पोटभर जेवावे. भाषण कोणी करू नये. कॅसेट क्रमांक सात लावावी.

साक्षीदारांबद्दल खुलासा. हे वाचून दाखवल्यावर पुरिंग म्हणाली, "साक्षीदार मी." वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते, किंवा ज्याच्या मुलीला मिळते, त्याने सही केली तर ते देणे रद्द होते.

"मग कापा आमची नावं."

"आई! घर जाईल माझं!" आरासेली ओरडली.

"जाऊ दे. या बाईनं एकदा माझा शब्द अर्धा तोडला. आता कागदावर पुरा घेऊ दे."

मला रडू आले, ते मी लपवले नाही. शेवटी वकीलबाईंनीच मार्ग काढला: दुसरे तीन साक्षीदार असतील तर चौथी सही चालते, आणि देणेही टिकते. तसे केले आहे.

तालाहिब, लागुना. २ जुलै २०२२, शनिवार, सकाळी.

फ्लोरेन्सिया मागसिनो (सही, प्रत्येक पानावर)

आमच्यासमोर सही झाली:
१. तेओडोरा अल्कांतारा, सुईण
२. हर्मोहेनेस लान्सादेरा, न्हावी
३. डियोनिसिओ कापारास, चॅपेलाचा घंटावाला
४. पुरिफिकासियोन मागसिनो. स्वहस्ते लिहिते की ही बाई आज शुद्धीवर आहे. आधीची एकोणचाळीस वर्षं नव्हती. "सगळं विसरले असं लिही," म्हणून मघापासून माझ्या मागे लागली आहे. पण खोटी साक्ष मी देत नाही. विसरलेले नाही. उद्या दुपारी जेवायला ये.