रतनच्या उंचीचा दोरा

॥ श्री ॥

केडगाव,
ता. ७ मे १९७२, रविवार

चि. सौ. छबूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुम्ही सगळे राजूरला खुशाल असाल. चारही पोरींना माझा पापा, आणि कानिफनाथरावांना नमस्कार सांग.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पुढच्या रविवारी तू रतनला घेऊन येतेस, कानिफनाथरावांनी तिचा शाळेचा दाखलासुद्धा काढून ठेवला, असं वाचलं. दोनदा वाचलं. मग यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर तुझे दाजी काय म्हणाले ते पुढे लिहिते. आधी घराचं सांगते, कारण एका पत्रात तू चार वेळा विचारलंस की घर कुठवर आलं.

घर पाहावं बांधून, म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने घर बांधलं असेल, पण बांधताना दारात शेळी, कुत्री आणि मांजर पाळलेलं नसणार. भिंती चौकटीच्या वर हातभर गेल्या आहेत. छप्पर नाही. आम्ही अजून शेजारच्या पत्र्याच्या खोपटातच आहोत. सकाळी उठून शेळीची धार काढायची, आडावर दोन खेपा घालायच्या, यांचं पाणी तापवायचं, आणि मग लिंबाखाली शिवणाचं मशीन मांडून बसायचं. आडाचं पाणी इतकं खाली गेलंय की पोहरा वर येतो तो निम्मा गाळच घेऊन. त्यातलं पिण्याचं बाजूला काढलं की उरतं ते शेळीला, आणि शेळीचं उरतं ते भिंतीला. भिंतीला रोज पाणी लागतं, नाही तर चुना धरत नाही. मी भांडी विसळलेलं पाणीसुद्धा भिंतीवर मारते. शेळी माझ्याकडे अशी बघते की जणू तिच्या तोंडचं काढून मी सवतीला घालतेय.

आमच्या चंपी कुत्रीच्या सहा पिल्लांपैकी चार लोकांनी नेली, एक मेलं. राहिलं ते पांढऱ्या पायाचं. रतनने दिवाळीत सांगून ठेवलं होतं ना, की चंपीला पिल्लं झाली तर पांढऱ्या पायाचं माझं, म्हणून? ते झालं. हे त्याला "रतनचं" म्हणूनच हाक मारतात. परवा त्याने कुणाच्या तरी पोलक्याची बाही तोंडात धरून साऱ्या प्लॉटभर वरात काढली. मी मागे धावतेय, चंपी भुंकतेय, आणि हे खाटेवर बसून हसताहेत. ती बाही मी पुन्हा शिवली. कुणाची ते सांगत नाही, ती बाई तुलाही पत्र लिहिते.

चौकटीची गोष्ट तुला अजून सांगितलेली नाही.

माघात चौकट बसवली. सागवानी चौकट, हळदीकुंकू, नारळ, आंब्याचा टाळा, सगळं मांडून मी सकाळपासून तयार. आसाराम गवंडी आला, सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, पहिलं कुकू लेकुरवाळीनं लावायचं असतंय. तिच्या हातानं चौकट उभी ऱ्हाती. कुनाला तरी बोलवा."

तो बिचारा वाईट मनाने म्हणाला नव्हता. शेजारच्या लंकाबाईला बोलावलं. ती पाच लेकरांची. आली, पदर खोचला, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मी लावते की. पर मुक्ताबाई, तुमी जरा मागं सरा. सावली पडती चौकटीवर."

छबू, तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, "लंकाबाई, तुम्ही कशाला तसदी घेता? आमच्या घरात लेकुरवाळी आहे की." आणि चंपीला दोरीने ओढत आणलं. ती व्याल्याला दहा दिवस झाले होते, आचळं भुईला लागत होती. तिच्या कपाळावर मी कुंकू लावलं, तिचा पुढचा पाय हळदीत बुडवून चौकटीच्या लाकडाला टेकवला, आणि तिला उंबऱ्यावरून आत नेलं. आसाराम आधी हसला, मग त्याने डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. लंकाबाई तरातरा निघून गेली. हे मात्र हसत सुटले. मी इतकं हसताना त्यांना तुझ्या लग्नात मांडव पडला त्यानंतर पाहिलं नव्हतं. हसता हसता खोकला लागला, आणि लागला तो थांबेचना. खाली बसले. विटांच्या ढिगाला टेकले.

खोकला आधीपासूनच होता. चुना दळायच्या घाणीवर हे स्वतः उभे राहून चुना मळून घेत, तोंडाला फडकं बांधत नसत. मी बोलले की म्हणत, "अगं, चुना हाय तो. घर झालं की जाईल." मीही तेच सगळ्यांना सांगत होते. चुना आहे, घर झालं की जाईल.

मार्चमध्ये तू रतनच्या उंचीचा दोरा पाठवलास. फ्रॉकसाठी पाठवलास, पण मी फ्रॉक बाजूलाच ठेवला. दोरा घेऊन आधी आसारामकडे गेले. म्हटलं, आतल्या खोलीत एक कोनाडा काढ, या दोऱ्याच्या वरच्या टोकापाशी, म्हणजे लेकराला पाटी-दप्तर हात वर करून सहज ठेवता येईल. तो म्हणाला, "बाई, पोरं वाढत्यात. मोठी झाली की वाकावं लागंल तिला." म्हटलं, वाकू दे. मला ते बघायचंच आहे. त्याने दोऱ्याला चुन्याचं बोट लावून खूण केली आणि कोनाडा काढला. इतका सुंदर झाला की लोक बघायला येत.

शेळी सुटली वाटतं. उठते.

सोमवार, दुपार

काल शेळी सुटली हे खरं. पण ती बांधून झाल्यावरही मी परत लिहायला बसले नाही. आज बसते, कारण हे पत्र आज टाकलं नाही तर तुला शनिवारच्या आत मिळणार नाही, आणि रविवारी तू एस.टी.तून उतरशील.

छबू, यांना क्षय झालाय.

एप्रिलच्या सुरुवातीला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, घर बांधत होतो. त्यांना ते उद्धट वाटलं असेल. दोन्ही बाजू गेल्या आहेत म्हणाले. सुया चालू आहेत, रोज जाऊन घ्यायच्या. गुण येईल का, असं विचारलं तर त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. ताट-वाटी वेगळी ठेवा, थुंकी जाळा, आणि घरात लहान मूल असेल तर दुसरीकडे पाठवा, इतकं सांगितलं. घरात मूल नाही, असं मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते बोलताना मला लाज वाटली नाही.

आसाराम पंधरा दिवस फिरकलेला नाही. त्याच्या कानावर गेलं असणार. त्याचीही घरी लेकरं आहेत, मी त्याला नावं ठेवत नाही. लंकाबाई आडावर म्हणाली, "कुत्रीच्या पायानं घर उभं केलं, मग दुसरं काय व्हनार?" एखादे दिवशी मलाही तसंच वाटतं. मग चंपी येऊन पायाशी बसते आणि मला स्वतःचीच शरम वाटते. तिचं काय चुकलं?

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "येऊ दे पोरीला. मी लिंबाखाली खाट टाकून पडंन. घरात पाऊल टाकणार न्हाई. लांबून बघंन नुसतं." आणि खरंच उठून, दम लागत असताना, लिंबापासून चौकटीपर्यंत पावलं मोजून आले. सतरा पावलं. "सतरा पावलांवरनं काय व्हतंय?" असं मला विचारलं.

आता तुझ्यापासून काय लपवू? मी दोन दिवस तसंच धरून चालले होते. तुला कळवायचंच नाही, रतनला उतरवून घ्यायचं, यांना लिंबाखाली ठेवायचं, तू विचारलंस तर चुना म्हणायचं. फ्रॉक शिवायला काढला. एक बाजू शिवूनही झाली.

मग शनिवारी सकाळी ते पांढऱ्या पायाचं पिल्लू यांच्या खाटेखाली गेलं आणि यांच्या वाटीतलं उरलेलं दूध चाटायला लागलं. मी हातातलं टाकून ओरडत धावले, त्याला अशी लाथ घातली की ते कळवळत चंपीकडे पळालं. यांनी माझ्याकडे पाहिलं. कुत्र्याच्या पिल्लाला वाटीपासून हाकलणारी मी, आणि तुझं लेकरू बोलावून घेत होते.

आता याच्याही मागचं लिहिते. ते लिहिलं नाही तर बाकीचं सगळं फुकट आहे.

दिवाळीत रतन आठ दिवस इथे होती. यांच्या ताटात जेवत होती, त्यांच्या कुशीत झोपत होती, ते पाणी प्यायले की त्याच तांब्याला तोंड लावत होती. पाडव्याच्या दिवशी मी यांचा रुमाल धुवायला घेतला आणि त्यावर लाल दिसलं. पानाचं असेल, असं मनाशी म्हटलं. पण छबू, हे पान खात नाहीत. तुलाही माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. मी रुमाल धुतला, दोरीवर वाळत घातला आणि आत जाऊन दोघांना एका ताटात करंज्या वाढल्या. का, ते विचारू नकोस. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा "मोठी आई" म्हणाली होती. अजून तीन दिवस ती राहणार होती. ते तीन दिवस मला हवे होते.

तू हे पत्र इथवर वाचलंस की आधी रतनला संगमनेरला, नाही तर नाशिकला, मोठ्या सरकारी दवाखान्यात ने. छातीचा फोटो काढायला सांग. गावातल्या कुणाच्या काढ्यावर विसंबू नकोस. तिला संध्याकाळी कणकण येते का, खोकते का, रोडावली का, सगळं खरं सांग. मागच्या पत्रात "जरा किरकिरी झालीय" असं तू लिहिलंयस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. कानिफनाथरावांपासून काही लपवू नकोस. शिव्या देतील, देऊ दे. त्या माझ्याच आहेत. तुझा त्यात काही दोष नाही.

तू शब्द दिला होतास की घर झालं की रतन माझी. तो शब्द मी तुला परत करते. घर होणार नाही. हे रोज सकाळी विचारतात, "भिंतीला पाणी मारलंस का?" आणि मी हो म्हणते. मारलेलं नसतं. ते पाणी आता यांची भांडी उकळायला लागतं. वरचा थर वाळून भुसभुशीत झालाय, बोट लावलं की चुना गळतो. कोनाड्यात मांजर झोपते. तिला हाकलत नाही.

पिल्लू पाठवणार नाही. तेही त्या वाटीला लागलंय. रतनला सांग, पळून गेलं, शोधलं पण सापडलं नाही. अर्ध्या शिवलेल्या फ्रॉकचं कापड आणि हा कागद, दोन्हींना यांचा हात लागलेला नाही, कापड मी उकळून सोबत घातलंय. पाकीट गव्हाच्या खळीने चिकटवते आहे, जीभ लावलेली नाही. तरी वाचून झालं की पत्र चुलीत घाल आणि हात धू.

दोराही उकळून, दिवसभर उन्हात वाळवून सोबत ठेवला आहे. चुन्याची खूण मात्र गेली नाही. माझ्याजवळ ठेवला असता, पण मग मी रोज भिंतीला लावून बघत बसेन. ती आता त्याच्याहून वाढली असेल. किती वाढली ते कळवू नकोस, आणि नवा दोरा पाठवू नकोस. फोटोत काय निघालं, एवढंच एका कार्डावर लिही. वाईट असलं तरी लिही.

रतनची मावशी,
मुक्ता