घोंगड्याखालचा संगणक

आई, तुझा आवाज ज्या संगणकात ठेवला होता, तो आता सुरू होत नाही. संगणक म्हणजे काय, हे तुला सांगायचे राहूनच गेले. ती विजेवर चालणारी एक पेटी असते आणि तिच्यात माणसाचे बोलणे साठवून ठेवता येते, एवढे समजले तरी पुरे. वेल्ह्याच्या डोंगरातील आपल्या वस्तीवर सायंकाळी तू शेळ्यांना जी हाक मारायचीस, ती मी एकदा टेपरेकॉर्डरवर घेतली होती. कॅसेटला बुरशी धरू लागली, तेव्हा तुझ्या नातीने ती हाक संगणकात उतरवली. कॅसेट पुढे वायाच गेली. "मोबाईलवरपण ठेवते, बाबा," असे ती म्हणाली होती. मी नको म्हणालो. आईचा आवाज खिशात घालून बाजारात हिंडणे मला प्रशस्त वाटले नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मी बटण दाबले आणि काहीच झाले नाही. त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावून पाहिली, ती तापली. वायर बदलली. पेटीच्या मागचे लहान बटण बंद करून पुन्हा चालू केले. आतील पंख्याचे पाते किंचित हलले आणि थांबले. वर घातलेले तुझे घोंगडे मी बाजूला सारीत होतो, तेव्हा तुझी सून म्हणाली, "आता तरी काढा ते पांगरूण. पिलू हाय व्हय ते, निजवायला?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्या लहानपणीचे ते अजून डोळ्यांसमोर आहे: पाऊस झोडपतो आहे, गोठ्याच्या कुडातून पाणी आत येते आहे आणि नुकत्याच जन्मलेल्या करडावर तू स्वतःचे घोंगडे टाकते आहेस. मी थंडीने कुडकुडतो आहे. "तू मोटा झालास," तू म्हणतेस, "त्याला अजून कोन हाय? लोकर पानी आत येऊ देत न्हाई बग." इथे आंबवड्याच्या घरात ओल भिंतींतून झिरपू लागली की मी दर पावसाळ्यात तेच घोंगडे संगणकावर पांघरत आलो. यंत्र चालू असतानाही काढले नाही.

पेटी मांडीवर घेऊन मी एसटीने भोरला गेलो. दुरुस्तीच्या दुकानातील बाईंनी झाकण उघडले आणि चिमट्याने काळ्या लोकरीचा एक पुंजका बाहेर काढला.

"आजोबा, ह्यात मेंढरू कोंडलं हुतं का?"

मी घोंगड्याचे सांगितले. त्यांना हसू आले होते. पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते आवरले. "वरचं पानी आडलं असंल, पन आतली वाफ बी आडली की. लोकरीनं पंखा गच्च झाला. वीज देनारा सप्लाय जळाला, आन् जाताना हार्डडिस्क बी घेऊन गेला. तुमचं सगळं ह्या डबीतच हुतं." ती डबी त्यांनी दुसऱ्या यंत्राला जोडून पाहिली, पुन्हा जोडली, कानाशी धरली. "फिरत बी न्हाई. पुन्यात दाखवा. पन म्या तुमाला खोटं कशाला सांगू?"

पुण्यात मुलीने दाखवले. तेथेही तेच उत्तर मिळाले.

जन्मभर मी मुलांना शुद्ध लिहायला शिकवले. तुझी हाक कागदावर उतरवायला बसलो, तेव्हा तिच्यासाठी एकही अक्षर सापडले नाही. आरंभी ओठांचा आवाज होता, मग घशातून वर चढणारे काहीतरी, आणि शेवट कोठे व्हायचा ते आता आठवत नाही. काल शेजाऱ्यांच्या शेळ्या कुंपणापाशी चरत होत्या. कोणी पाहत नाही असे बघून मी हाक मारली. एकीनेही मान वर केली नाही.

हे पत्र तुझ्याकडे पोचवील अशी टपालपेटी नाही, म्हणून ते कीबोर्डखाली ठेवतो. संगणकावर तुझे घोंगडे मी पुन्हा घातले आहे. आता त्याने बिघडण्यासारखे काही उरलेले नाही. घालण्यापूर्वी बटण मात्र दाबून पाहिले. रोज पाहतो.